'सरफॅक्टंट' हे प्रथिनाचं नाव नव्हे

प्रश्न असा आहे: 'सरफॅक्टंट प्रोटीन' यातलं सरफॅक्टंट हे त्या प्रोटीनचं नाव का, आणि त्याला मराठीत काय म्हणावं?

नाव नव्हे. सरफॅक्टंट हे फुप्फुसातलं मिश्रण, प्रथिनं त्याचा फक्त एक भाग. 'अपुऱ्या दिवसांच्या बाळाला प्रोटीनचं इंजेक्शन दिलं' हे वाक्य कानावर पडलं की चीड येते. सरफॅक्टंटचं ते औषध सुईने टोचत नाहीत, श्वासनलिकेत सोडतात. शिवाय फुप्फुसातल्या सरफॅक्टंटमध्ये सुमारे ९० टक्के स्निग्ध द्रव्यं असतात, प्रथिनं १० टक्क्यांच्या आसपास. वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या, ओल्या अस्तराचा पृष्ठताण ते उतरवतं, म्हणून श्वास सोडल्यावर वायुकोश मिटत नाहीत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ते कमी पडतं, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड या संशोधकांनी १९५९ मध्ये दाखवलं. शब्द म्हणाल तर 'सरफेस ॲक्टिव्ह एजंट'चं आखूड रूप. त्यात रमण्यासारखं काही नाही.

रमावं ते 'कोलेक्टिन'मध्ये. ए, बी, सी, डी अशा चार सरफॅक्टंट प्रथिनांपैकी ('एसपी' म्हणजे सरफॅक्टंट प्रोटीन) एसपी-ए आणि एसपी-डी यांचं हे कुळनाम, कोलॅजन (कातडी-हाडांतलं प्रथिन) आणि लेक्टिन (साखरा धरणारं प्रथिन) जोडून केलेलं. कोलॅजनमध्ये ग्रीक 'कोला' आहे, म्हणजे कातडी-हाडं उकळून काढतात तो सुतारांचा सरस. 'लेक्टिन' १९५४ मध्ये संशोधक विल्यम बॉइड यांनी लॅटिन 'लेगेरे'वरून घडवला: वेचणं, निवडणं. पुढे लॅटिनमध्येच त्याचा अर्थ 'वाचणं' झाला, अक्षरं वेचत जाणं! आणि नाव किती चपखल: या प्रथिनांचं शेपूट कोलॅजनसारखं पिळाचं, तर डोकं जंतूंच्या अंगावरच्या ठरावीक साखरा ओळखून धरणारं. धरलेले जंतू मग भक्षक पेशी गिळतात.

म्हणून मी यांना 'वेचक प्रथिनं' म्हणतो. 'वेचक म्हणजे निवडलेलं, निवडणारं नव्हे' असा आक्षेप घेणाऱ्यांना विचारतो: मारक मारतो, तारक तारतो, मग वेचकानेच वेचू नये? चौघांना सरसकट 'पृष्ठसक्रियक प्रथिनं' म्हणणाऱ्या परिभाषाकारांशी तर माझं मुळीच जमत नाही. पृष्ठताणाचं काम मुख्यतः एसपी-बी आणि एसपी-सी यांचं. स्निग्ध थर भराभर पसरवतात ते हे दोघे. एसपी-बी जन्मतःच नसेल, तर फुप्फुस बदलल्याशिवाय बाळ सहसा काही महिन्यांपलीकडे जगत नाही. गाई-डुकरांच्या फुप्फुसांतून काढलेल्या औषधात बी आणि सी उतरतात. ए आणि डी, म्हणजे नेमके वेचक, शुद्धीकरणात गळून जातात.