ठाणे स्टेशनचा पूल चढताना छाती आवळते, थांबलं की बरं वाटतं. ईसीजी नॉर्मल आहे. ही अ‍ॅसिडिटीच ना?

तसं गृहीत धरू नका. अ‍ॅसिडिटीची जळजळ सहसा जेवणाशी, आडवं होण्याशी जोडलेली असते. चढताना छाती आवळणं आणि थांबल्यावर दोन-पाच मिनिटांत मोकळं होणं, ही अंजायनाची, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत होणाऱ्या त्रासाची ओळख आहे. हृदयाची रक्तवाहिनी साधारण ७० टक्के अरुंद झाली तरी बसल्या जागी रक्त पुरतं. जिना चढताना मागणी वाढते, तिथे कमी पडतं. म्हणूनच आराम करताना काढलेला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. त्यावर विसंबू नका. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. टूडी इको, स्ट्रेस टेस्ट की सीटी अँजिओग्राफी, यातली कोणती तपासणी करायची ते तेच ठरवतील. तोवर ट्रेन पकडायला पुलावर धावू नका, तलावपाळीच्या जोरदार फेऱ्याही नकोत.

पण दुखणं बसल्या बसल्या आलं, १५ मिनिटांत गेलं नाही, घाम फुटला, जबडा किंवा हात भरून आला, यातलं काहीही झालं, तर लगेच १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवू नका; घोडबंदर रोडच्या कोंडीत अडकलात तर मदत कुठून मिळणार? अ‍ॅलर्जी, अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर अ‍ॅस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खा. गिळली तर असर उशिरा होतो. शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट (जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी) मात्र घेऊ नका, बीपी एकदम खाली येऊ शकतं. मधुमेह असेल तर जास्तच सावध राहा, कारण कधी कधी छाती दुखतच नाही, नुसती धाप लागते.