सेकंडहँड गाडी : काटा का चढतो, ऑइल का वाढतं?

प्रश्न : २०१४ची पेट्रोल हॅचबॅक नुकतीच सेकंडहँड घेतली. हायवेला काही त्रास नाही, पण सिग्नलला एसी लावून उभं राहिलं की टेम्परेचरचा काटा वर जातो. मुंबईहून परतताना कसारा घाटात ट्रकच्या मागे काटा लाल रेषेला टेकला. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला. आता तो हेड गॅस्केट गेलं म्हणतो, हेड उतरवायला सांगतो. उतरवू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : इतक्यात नको. वेगात थंड राहणारी आणि थांबली की तापणारी गाडी आधी फॅनकडे बोट दाखवते. वेगात असताना समोरून येणारी हवाच रेडिएटर थंड करते. सिग्नलला आणि घाटात दुसऱ्या गिअरवर चढताना सगळा भार फॅनवर येतो. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील. ते गेलेली गाडी सहसा हायवेलाही पाणी खाते.

इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत फॅन मिनिटभरात फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज बघा, मग रिले, म्हणजे फॅनला वीज जोडणारा स्विच, शेजारच्या त्याच नंबरच्या रिलेशी अदलाबदल करून बघा. तरीही काही नाही, तर मोटरला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. थेट फिरली तर दोष वायरिंगमध्ये किंवा सेन्सरमध्ये आहे. काडीने ढकलल्यावरच सुरू होत असेल तर मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत. फॅन फिरतोय, पण हळू, हा प्रकार सर्वात फसवा. मेकॅनिक ‘फॅन चालू आहे’ म्हणून पुढे जातो. याच्या उलट, दोन स्पीडच्या फॅनमध्ये रेझिस्टर जळला की हळू स्पीड बंद पडतो, फक्त जोराचा उरतो. हात मात्र लांब ठेवा, इंजिन बंद असलं तरी काही गाड्यांत फॅन आपोआप सुरू होतो.

फॅन ठीक असेल तर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट टॉर्च लावून पाहा. किडे, माती, गवताच्या काड्या तिथे थापल्यासारख्या बसतात आणि बाहेरून दिसत नाहीत. साध्या पाइपने इंजिनच्या बाजूकडून बाहेर पाणी मारा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पातळ पत्र्या आडव्या होतात, मग त्यातून हवा जात नाही.

पुढे रेडिएटरची कॅप. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. १.१ची कॅप नीट धरत असेल तर साधं पाणीसुद्धा साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं की दाब निसटतो आणि कूलंट आधीच उकळून टाकीतून बाहेर येतं. काही शेकड्यांचा हा भाग आधी बदला, त्याच आकड्याचा. गरम इंजिनवर कॅप उघडू नका.

थर्मोस्टॅट मात्र परत बसवून घ्या. तो म्हणजे रेडिएटरकडे जाणारी कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. काढून टाकला की इंजिन तापायला वेळ लागतो, कंप्युटर थंड इंजिन समजून जास्त पेट्रोल सोडतो, ॲव्हरेज पडतं आणि ऑइलमध्ये गाळ साचतो. थर्मोस्टॅट काढणं ही आपल्याकडच्या गॅरेजांची जुनी खोड आहे. त्याने दुखणं झाकतं, बरं होत नाही.

गॅस्केटची शंका फेडायची असेल तर थंड इंजिनवर कॅप काढा, इंजिन चालू करा आणि तोंडाशी बघा. सुरुवातीचे चार बुडबुडे म्हणजे अडकलेली हवा. पण बुडबुडे थांबतच नसतील, रेस दिल्यावर वाढत असतील, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय. निळ्या द्रावाची टेस्ट करणारे मेकॅनिक सापडले तर उत्तम. गॅस असेल तर द्राव पिवळा पडतो. ऑइल फिलरच्या झाकणाखाली दुधी थर दिसला म्हणून घाबरू नका, पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो येतोच. डिपस्टिकवरचं ऑइल दुधी असेल तरच प्रकरण गंभीर.

शेवटी कूलंट. आधीच्या मालकाने बोअरचं पाणी ओतलं असेल तर ते तपकिरी दिसेल. काढून टाका, डिस्टिल्ड वॉटर भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन तापवा, थंड झाल्यावर काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करा. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. डब्यावर ‘रेडी टु यूज’ असेल तर पाणी मिसळू नका. हवा काढायला कॅप उघडी ठेवूनच थंड इंजिन चालू करा. फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत चालू राहू द्या आणि पातळी उतरेल तशी भर घाला. एवढं करूनही घाटात तापत असेल तर रेडिएटर आतून चोंदलाय किंवा वॉटर पंपाची पाती झिजलीत.

प्रश्न : २०२०ची बीएस-६ डिझेल घेतली. ऑफिस ६ किलोमीटरवर. डीपीएफचा दिवा लागतो, आणि डिपस्टिकवर ऑइल मॅक्सच्या वर गेलंय. ऑइल वाढतं कसं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : वाढलंय ते डिझेल. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. त्यातली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश लागतात, म्हणून इंजिन जास्तीचं डिझेल सोडून सायलेन्सर तापवतं. तुम्ही तेवढ्यात ऑफिसला पोचता आणि चावी काढता. काम अर्धवट राहतं. असं वारंवार झालं की न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक हुंगून पाहा, वास येईल. पातळ झालेलं ऑइल टर्बोच्या बेअरिंगला पुरत नाही.

पहिलं काम ऑइल बदलणं. मॅन्युअलमध्ये सी२ किंवा सी३ असा कमी राखेच्या ऑइलचा जो दर्जा लिहिलाय तोच. साध्या डिझेल ऑइलच्या राखेने फिल्टर कायमचा भरतो. मग गाडी हायवेला न्या आणि एक गिअर खालचा ठेवून, २,००० आरपीएमच्या आसपास, सलग २० मिनिटं चालवा. दिवा गेला तर आठवड्यातून एकदा हे करत राहा. डीपीएफसोबत इंजिनचा दिवाही लागला आणि पिकअप गेला, तर हायवेचा उपाय चालणार नाही, सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून रीजनरेशन, म्हणजे काजळी जाळण्याचं काम, करून घ्यावं लागेल. ‘डीपीएफ काढून देतो’ म्हणणाऱ्याकडे फिरकू नका, ते बेकायदेशीर आहे. खरं सांगायचं तर रोजच्या ६ किलोमीटरसाठी डिझेल गाडी घेण्यात अर्थ नव्हता.

प्रश्न : स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढली की ‘कट-कट’ येतं. शॉकअप गेले का?
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : नाही, बाहेरचा एक्सल जॉइंट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा चाकाकडचा सांधा. आतल्या बाजूने त्याचं रबरी बूट पाहा. ते फाटून चाकाच्या आत ग्रीस उडालेलं दिसेल. फक्त बूट फाटलंय आणि आवाज नाही, अशा वेळी बूट आणि ग्रीस बदलून भागतं. तुमच्याकडे आवाज सुरू झालाय, म्हणजे जॉइंटच बदलावा लागेल. खड्ड्यात ‘टड-टड’ येत असेल तर तो वेगळा विषय, तिथे लिंक रॉड आधी तपासा.

प्रश्न : गाडी दिसायला झकास, पण कधी काच खाली येत नाही, कधी एअरबॅगचा दिवा लागतो. पुरातली असेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : २२ जुलै २०२१च्या चिपळूणच्या पुरासारख्या पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून विकल्या जाऊ शकतात, म्हणून शंका रास्त आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. खालच्या टोकाला मातकट डाग दिसला तर पाणी गाडीच्या आत शिरलं होतं. मग सीटच्या रुळांचा गंज आणि स्टेपनीचा खड्डा बघा, आणि पायाखालचं कार्पेट उचला. त्याखालचा फोम महिनोन् महिने ओला राहतो, कनेक्टरमध्ये हिरवट पूड धरते आणि बिघाड एकेक करून उगवतात.

फोम काढून उन्हात पूर्ण वाळवा, कनेक्टर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. पिवळ्या कनेक्टरला, म्हणजे एअरबॅगच्या वायरींना, घरी हात लावू नका. ते मॉड्यूल भिजलं असेल तर दुरुस्त न करता बदलायचं. गिअर ऑइल काढून पाहा, दुधी असेल तर लगेच बदला. गाडी डीलरकडून घेतली असेल तर फोटो आणि गॅरेजचा लेखी रिपोर्ट जोडून आधी त्याला लेखी पत्र द्या. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे.