1998 साली न झालेल्या स्पर्धेविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

महाविद्यालयीन महोत्सवाच्या चौकटीबाहेर रोबोटांच्या झुंजींची खुली स्पर्धा भरवण्याविषयीचे तुझे टिपण वाचले. रिंगणाच्या पॉलिकार्बोनेटच्या भिंती, वजनगट, रेडिओ संपर्क तुटताच यंत्र थांबवणारे फेलसेफ यांचा त्यात नेटका विचार आहे. प्रायोजकाच्या वाट्याला मात्र एकच ओळ आली आहे: ‘पैसे मिळणार आहेत, बाकीचे नंतर ठरवू.’ हे पत्र मुख्यतः त्या ओळीसाठी आहे.

या खेळात पडणाऱ्याने ज्या स्पर्धेचा अभ्यास करावा, ती म्हणजे माझ्या मते ‘रोबोट वॉर्स’. ती 1998 मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोत व्हायची होती आणि झालीच नाही. मार्क थॉर्प हा तिथला एक कल्पक कारागीर. 1992 च्या सुमारास तो रिमोटवर चालणारा व्हॅक्यूम क्लीनर बनवण्याच्या खटपटीत होता. त्यातून घराची स्वच्छता साधली नाही, पण यंत्रांच्या झुंजीची कल्पना सुचली. 1994 मध्ये त्याच शहरातल्या फोर्ट मेसन येथे त्याने ‘रोबोट वॉर्स’ची पहिली स्पर्धा भरवली आणि तिच्यामागे न्यूयॉर्कच्या प्रोफाइल रेकॉर्ड्स या संगीत कंपनीचे भांडवल उभे राहिले. 1997 पर्यंत दरवर्षी स्पर्धा झाली. तिथे अडचणी नव्हत्या असे नाही. 1995 मध्ये जेमी हायनमन यांच्या ‘ब्लेंडो’ या फिरत्या कवचाच्या रोबोटने प्रतिस्पर्ध्याचे तुकडे रिंगणाच्या कठड्यापलीकडे उडवले, तेव्हा तो धोकादायक ठरवून स्पर्धेबाहेर काढावा लागला. (तुझ्या रिंगणाला छत का हवे, हे तुझ्या मित्रांना पटत नसेल तर त्यांना ही हकिकत सांग.) पण असल्या अडचणींनी स्पर्धा बंद पडली नाही, कठडे उंच करता येतात, नियम बदलता येतात.

ती बंद पडली ती संस्थापक आणि भांडवलदार यांच्यातील वादामुळे. प्रकरण न्यायालयात गेले आणि 1998 ची स्पर्धा रद्द झाली. गंमत अशी, की त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच नावाची मालिका ब्रिटनमध्ये बीबीसीवर सुरू झाली होती. म्हणजे नाव परदेशात घरोघरी पोहोचत असताना जिथे त्याचा जन्म झाला तिथले रिंगण ओस होते. या कथेत एकाला नायक आणि दुसऱ्याला खलनायक ठरवण्याचा मोह टाळ. पैसे घालणाऱ्याला दूरदर्शनवरचे हक्क मोलाचे वाटणे आणि स्पर्धा जन्माला घालणाऱ्याला दरवर्षी जमणारी माणसे मोलाची वाटणे, दोन्ही स्वाभाविक आहे. दोघांचे पटेनासे झाले तर त्या वर्षीची स्पर्धा होणार की नाही हे कोण ठरवणार, हा प्रश्न मैत्रीच्या दिवसांतच विचारायचा असतो, कारण पुढे तो वकीलच विचारतात.

म्हणून तुझ्या करारात स्पर्धेचे नाव आणि चित्रीकरणाचे हक्क कोणाचे, हे पहिल्या पानावर येऊ दे. प्रायोजकाला नाव वापरण्याची परवानगी दे, मालकी देऊ नकोस. ती द्यावीच लागली तर निदान वाद चालू असतानाही ठरलेली स्पर्धा पार पडेल असे कलम घाल. प्रवेशशुल्क वेगळ्या खात्यात ठेव आणि स्पर्धा रद्द झाल्यास ते किती दिवसांत परत मिळेल, हे नोंदणीच्या अर्जावरच छाप. साठ किलोचा रोबोट दुसऱ्या शहरातून टेम्पोने आणणाऱ्या मुलांनी गाडी ठरवण्यापूर्वी तुझा अंतिम निर्णय त्यांच्या हाती पडला पाहिजे. तारीख पुढे ढकलावी लागलीच तर संघांना एक सूचना आवर्जून पाठव: पूर्ण चार्ज केलेल्या लिथियम पॉलिमर बॅटऱ्या तशाच ठेवून देऊ नयेत, प्रत्येक सेल सुमारे 3.8 व्होल्टवर आणून ठेवावा.

1998 च्या त्या हंगामात वर्कशॉपमध्ये यंत्रे होती, ती बनवणारे एकमेकांना ओळखत होते, फक्त जागा आणि नाव नव्हते. त्यांच्यापैकीच ट्रे रोस्की आणि ग्रेग मन्सन या आतेमामे-चुलत म्हणावे अशा नात्यातल्या भावांनी, ज्यांचा ‘ला मशीन’ हा पाचरीच्या आकाराचा रोबोट आधीच गाजलेला होता, 1999 मध्ये लाँग बीच येथे ‘बॅटलबॉट्स’ भरवली. जुने नाव त्यांचे नव्हते, म्हणून नवे घ्यावे लागले. स्पर्धक बरेचसे जुनेच आले. तेव्हा नोंदणी झालेल्या संघांशी तुझा थेट संपर्क असू दे आणि त्यांची यादी केवळ प्रायोजकाच्या कार्यालयात राहणार नाही, याची काळजी घे.

कराराचा मसुदा हाती आला की सही करण्यापूर्वी मला पाठव, आणि महाविद्यालयात विधी शाखेचे कोणी प्राध्यापक असतील तर त्यांनाही दाखव. रिंगणाच्या आराखड्यावर आपण त्यानंतर सविस्तर बोलू.

कळावे,
तुझा सर