जिप्सीत इंजेक्शनचं इंजिन बसवलंय, फ्युएल लाइनला फिटिंग कोणती घेऊ?

उत्तर: एएन-६ घ्या (एएन म्हणजे फिटिंगच्या मापाची अमेरिकन पद्धत). ३/८ इंच नळीचं माप, रस्त्यावरच्या गाडीला भरपूर झालं. एएन-८ उगाच खर्च.

खरी काळजी पाइपची. कार्ब्युरेटरचा जुना पाइप अजिबात ठेवू नका. इंजेक्शनच्या लाइनमध्ये ३ बारच्या आसपास प्रेशर असतं. त्यात आता पेट्रोल ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. आपल्या सांगलीच्या उसाचंच इथेनॉल, पण जुन्या रबराला ते सोसत नाही. पीटीएफई (टेफ्लॉन) अस्तराचा पाइप घ्या आणि फिटिंगही पीटीएफई पाइपसाठीचीच. तिच्यात पितळेची बारीक रिंग असते. रबरी पाइपची फिटिंग त्यावर चालत नाही.

कुपवाड एमआयडीसीत हायड्रॉलिकचं सामान बघायला गेलात तर फिटिंगच्या निमुळत्या तोंडाचा कोन विचारून घ्या. एएनचा कोन ३७ अंश. ४५ अंशाची फिटिंग हातानं बसल्यासारखी वाटते, पण झिरपते. मी एकदा तशीच आवळली होती. सकाळी नटाखाली ओला डाग, बोनेट उघडताच पेट्रोलचा भपका. तिथं टेफ्लॉन टेपही लावू नका, सील धातूवर धातू बसूनच होतं.

सगळं जोडलं की स्टार्टर न मारता नुसता पेट्रोलचा पंप चालवा, प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. अग्निशामक हाताशी हवाच.