वाचकांचे प्रश्न : घोरपडीच्या कुळातल्या प्राण्यांची बंदिवासातली देखभाल

घोरपडीच्या कुळातल्या प्राण्यांना इंग्रजीत मॉनिटर म्हणतात. आपल्याकडची घोरपड, पाणघोरपड, पिवळी घोरपड आणि वाळवंटी घोरपड या चारही जाती १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्या घरी पाळता येत नाहीत. परदेशात मात्र या कुळातल्या काही जाती रीतसर पाळल्या जातात आणि यावेळची बरीचशी पत्रं तिथल्या मराठी वाचकांची आहेत. जवळपास प्रत्येक पत्रात औषधाचं नाव विचारलं आहे. आम्हाला मात्र प्रत्येक ठिकाणी आधी ऊब, माती आणि पाणी यांबद्दलच सांगावं लागलं.

प्रश्न (ह्यूस्टन, टेक्सास) : आमच्याकडे चार वर्षांचा सव्हाना मॉनिटर आहे, लांबी तीन फूट. चार फुटी काचेची टाकी, वर जाळीचं झाकण, खाली लाकडाचा भुसा, दिव्याखाली ३८ अंश तापमान. आठवड्याला चार उंदीर खायचा. दोन महिने झाले, जागचा हलत नाही. मागच्या पायांचे सांधे सुजलेत, आता खाणंही सोडलंय. कोणतं कॅल्शियम द्यावं?

उत्तर : कॅल्शियम राहू द्या. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे याच आठवड्यात न्या आणि रक्तातलं यूरिक अ‍ॅसिड, एक्स-रे आणि सोनोग्राफी करायला सांगा. तुम्ही दिलेली लक्षणं गाउट या सांध्यांच्या दुखण्याशी जुळतात. हे प्राणी प्रथिनांतला टाकाऊ भाग यूरिक अ‍ॅसिडच्या रूपात बाहेर टाकतात. अंगात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडांना ते काम झेपत नाही आणि त्याचे खडे सांध्यांत साचतात, तसेच मूत्रपिंडांत आणि हृदयाच्या आवरणातही. सांध्यांची सूज तुम्हाला दिसते, आतलं दिसत नाही, म्हणून घाई करायची. तोवर तोंड उघडून बळेच काही भरवू नका. त्याने मूत्रपिंडांवरचा भार वाढतो. रोज ३० अंशांच्या कोमट पाण्यात, खांद्यापर्यंत बुडेल इतक्या खोलीत, वीस मिनिटं ठेवा आणि तेवढा वेळ शेजारून हलू नका. टब वेगळा ठेवा, स्वयंपाकघरातलं सिंक नको. या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा माणसाला जुलाब-ताप आणणारा जंतू असू शकतो.

पाण्याची बशी भरलेली असूनही पाणी कमी का पडतं, असा प्रश्न तुम्हाला पडेल. सव्हाना मॉनिटर राहतो आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशात. तो प्रदेश वरून कोरडा दिसतो, पण हा प्राणी दिवसाचा मोठा भाग बिळात काढतो आणि बिळातली हवा दमट असते. तुमच्या टाकीत दिव्याने तापलेली हवा जाळीतून वर जाते, बाहेरची कोरडी हवा आत येते आणि जनावर श्वासागणिक पाणी गमावतं. भुशात बीळ होत नाही, त्यामुळे त्याला यातून सुटकाही नाही.

या आकाराच्या प्राण्याला किमान आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट उंच, वरून बंद अशी पेटी लागते. आतून पाणी न झिरपणारा थर द्या. तळाशी साधी बागेची माती आणि वाळू साधारण ६०:४० प्रमाणात मिसळून किमान दोन फूट भरा. मातीत खत, कीटकनाशक किंवा पर्लाइटचे पांढरे दाणे नसावेत. वरून पाणी शिंपडत बसू नका. कोपऱ्यात बादलीने ओता आणि खाली मुरू द्या. मूठ दाबल्यावर गोळा टिकला, पण बोटांतून पाणी गळलं नाही, की ओलावा बरोबर. वरचे दोन-तीन इंच कोरडे झाले तरी चालतात.

आता दिवा. ३८ अंश फार कमी आहेत. ऊन खायच्या जागेचा पृष्ठभाग ५५ ते ६० अंश हवा आणि तो इन्फ्रारेड गनने मोजायचा. काचेला चिकटवलेल्या गोल तापमापकाचा इथे उपयोग नाही. भाजेल अशी भीती वाटते, पण भाजण्याचं खरं कारण वेगळं असतं. एकच मोठा दिवा पाठीवर तळहाताएवढा डाग तापवतो, डोकं आणि शेपटीचं बूड गार राहतं. अंग तापत नाही म्हणून जनावर तिथेच बसून राहतं आणि पाठीची कातडी जळते. एका दिव्याऐवजी ७५ ते १०० वॉटचे तीन-चार हॅलोजन फ्लड दिवे चौकोनात जवळजवळ लावा. उजेडाचा पट्टा तोंडापासून शेपटीच्या बुडापर्यंत पडला पाहिजे. दुसऱ्या टोकाला २५ अंशांच्या आसपास गारवा ठेवा. असं असलं की दहा-पंधरा मिनिटांत तापून तो आपणच उठून जातो. तापणारे नकली दगड मात्र काढून टाका. पोटाला चटका बसत असला तरी हे प्राणी त्यावरून उठत नाहीत.

आहार आजार उतरल्यावर पशुवैद्यांच्या सल्ल्याने सुरू करा. रानात ही जात मुख्यतः वाणी किडे, भुंगे, रातकिडे आणि गोगलगाई खाते. उंदरांवर वाढवलेल्या सव्हाना मॉनिटरची चरबी पोटातल्या दोन गाद्यांत साठते, मग यकृतात. पोट भरलेलं दिसतं आणि मालकाला वाटतं बाळसं धरलंय. डुबिया झुरळं, रातकिडे, गांडुळं आणि पाळीव जातीच्या गोगलगाई आठवड्यातून दोन-तीनदा द्या. बागेतल्या गोगलगाई नकोत, त्यांच्या पोटात विषारी गोळ्या गेलेल्या असू शकतात. किड्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं, म्हणून देण्यापूर्वी त्यांना कॅल्शियम कार्बोनेटच्या पावडरीत घोळवा. दर महिन्याला वजन करून लिहून ठेवा.

प्रश्न (मेलबर्न) : परवाना घेऊन अ‍ॅकी मॉनिटर (इथली एक लहान जात) पाळला आहे. कात टाकताना बोटांवर तुकडे राहतात. एक बोट गळालं, आता शेपटीचं टोक काळं दिसतंय.

उत्तर : राहिलेल्या कातेची अंगठी होते. ती वाळून आवळते आणि पुढचा रक्तपुरवठा तोडते. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, मग ओल्या कापसाने किंवा जुन्या सुती कापडाने टोकाच्या दिशेला हळूहळू लोळवत काढा. नखाने किंवा चिमट्याने ओढू नका, खालची कोवळी कातडी सोबत येते. एका बैठकीत निघाली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजवा. काळा, कडक झालेला भाग मेलेला आहे. तिथून वर संसर्ग चढू शकतो, म्हणून पशुवैद्यांना दाखवाच.

अ‍ॅकी वाळवंटी म्हणून त्याची पेटी कोरडी ठेवली जाते, तिथेच चूक होते. हा सरडा खडकांच्या फटीत आणि मातीखाली राहतो आणि तिथे ओल असते. एक फूट तरी माती-वाळू भरा आणि खालचा थर ओला ठेवा. दिव्याखाली प्लायवूडच्या फळ्यांची चळत लावा, दोन फळ्यांत तीन-चार सेंटिमीटर अंतर. वरची फळी ६० अंशांना पोहोचते, सर्वांत खालची तीसच्या आसपास राहते. लपून बसल्या बसल्या हवं ते तापमान त्याला निवडता येतं.

प्रश्न (टोरांटो) : टाकी खिडकीशी ठेवली आहे, भरपूर ऊन येतं. तरी यूव्ही ट्यूब लागेल का?

उत्तर : लागेल. ड जीवनसत्त्वासाठी लागणारे यूव्हीबी किरण काच अडवते. शिवाय उन्हातली काचेची टाकी भट्टी होते आणि आतलं जनावर तासाभरात मरू शकतं. टाकी आजच खिडकीपासून हलवा. १२ टक्के यूव्हीबीची टी-५ (बारीक नळीची) ट्यूब दिव्यांच्या शेजारीच बसवा आणि वर्षाने बदला, उजेड तसाच दिसत असला तरी. जाळीच्या वर लावली तर तिचा बराच भाग वाया जातो.

प्रश्न (स्लाव, इंग्लंड) : आमची मादी एकटीच आहे. तरी पोट गाठीगाठीचं लागतंय, खाणं बंद आहे आणि रात्रंदिवस उकरतेय. अंडी असू शकतात?

उत्तर : असू शकतात. नराशिवायही माद्या अंडी घालतात, बहुधा ती वांझ असतात. क्वचित त्यांतून पिल्लंही निघतात. इंग्लंडमधल्याच चेस्टर आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयांतल्या कोमोडो ड्रॅगन या मॉनिटरच्याच जातीतल्या माद्यांचं असं उदाहरण २००६ मध्ये प्रसिद्ध झालं.

तुमच्या मादीला आत्ता जागा हवी आहे. मादी ठिकठिकाणी उकरून बघते आणि मातीची ऊब किंवा ओल पसंत पडली नाही तर अंडी धरून ठेवते. दीड फूट खोल, दाबून बसवलेली ओलसर माती द्या. आतलं तापमान २८ ते ३० अंश हवं, प्रोबचा तापमापक एक फूट खाली खुपसून बघा. भोक कोसळत असेल तर वाळू कमी करा. पेटीवर कापड टाका आणि डोकावणं थांबवा. आठवडाभर उकरूनही अंडी आली नाहीत, किंवा उकरणं थांबून ती मलूल पडली, तर लगेच एक्स-रे काढा. अडकलेली अंडी पोटात फुटली तर बलक पसरून जीवघेणा दाह होतो. अंडी बाहेर ढकलायला देतात ते ऑक्सिटोसिन सरड्यांत भरवशाचं नाही आणि ते घरी टोचायचं औषधही नाही. अंडी घातल्यावर पाठीचा कणा आणि कंबरेची हाडं वर येतात. पहिले दोन आठवडे कॅल्शियम लावलेले किडे रोज द्या.

प्रश्न (सांगली) : वनविभाग आमच्या उपचार केंद्रात जखमी घोरपडी आणून देतो. ऊसाचा फड पेटवल्यावर भाजलेल्या असतात, काही शिकाऱ्यांकडून सोडवलेल्या. डॉक्टर पोहोचेपर्यंत काय करावं?

उत्तर : दोन्हींत पहिलं काम ऊब. अंधाऱ्या, शांत खोक्यात ३० ते ३२ अंश तापमान ठेवा, पण भाजलेल्या कातडीवर दिवा मारू नका. उघड्या जखमा असतील तर खाली माती नको, वर्तमानपत्र किंवा स्वच्छ चादर. जखम निर्जंतुक सलाइनने धुवा. हळद, तूप, टूथपेस्ट काही लावू नका. ते काढताना कातडी सोलली जाते. सिल्व्हर सल्फाडायझिन मलमाचा पातळ थर डॉक्टरांना फोनवर विचारून लावता येतो.

खोल गेलेले डोळे, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहणं, विष्ठेतला पांढरा भाग पिवळट आणि खडूसारखा घट्ट होणं, ही पाणी कमी झाल्याची चिन्हं. सलाइन साधारण १५ ते २५ मिली दर किलो वजनाला, दिवसभरात, शरीराइतकं कोमट करून. ते डॉक्टरांनीच द्यायचं. तुमचं काम अचूक वजन तयार ठेवण्याचं. गार आणि सुकलेल्या घोरपडीला खाऊ घालू नका. अन्न पोटात सडतं. अंग गरम झालं, पाणी मिळालं, पांढरा भाग मऊ पडू लागला, की मग भुंगे, झुरळं, खेकडे, उंदराची पिल्लं. नुसते कोंबडीचे तुकडे देत राहिलात तर काही आठवड्यांत जबडा मऊ पडतो, कारण त्यात हाड नाही. कच्च्या अंड्यांवरही ठेवू नका. पांढऱ्यातल्या अ‍ॅव्हिडिनमुळे बायोटिन कमी पडतं, उकडलेलं अधूनमधून चालेल.

शिकाऱ्यांकडून आलेल्यांचे पाय पाठीवर करकचून बांधलेले असतात. दोरी कात्रीने कापा, ओढून सोडवू नका. पंजे गार किंवा निळसर आहेत का, मागचे पाय चिमटा घेतल्यावर आखडते का, हे तपासून डॉक्टरांना सांगा. कण्याला मार असेल तर ते त्यातून कळतं. पकडताना एक हात मानेमागे, दुसरा कंबरेवर, मागचे पाय शेपटीलगत मागे दाबून आणि शेपूट स्वतःच्या काखेत. डोळ्यांवर कापसाच्या घड्या ठेवून सैल पट्टी बांधली की बहुतेक घोरपडी शांत होतात.

सोडायची वेळ वनविभाग ठरवेल. जिथे सापडली त्याच परिसरात, ऊन चढल्यावर सोडा. संध्याकाळी सोडलेली गार घोरपड कुत्र्यांच्या तावडीत सापडते.

प्रश्न (रत्नागिरी) : पावसाळ्यात घरात घोरपडीचं पिल्लू आलं. मुलाला ते पाळायचं आहे.

उत्तर : पाळता येणार नाही. तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. दार उघडं ठेवा, कुत्रं-मांजर बांधा, ते आपण होऊन जाईल. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

प्रश्न (पुणे) : दुकानदार परदेशी मॉनिटर विकतो, त्याला परवाना लागत नाही म्हणतो. खरं आहे का?

उत्तर : नाही. मॉनिटरच्या सगळ्या जाती साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीत आहेत, म्हणून बाळगणाऱ्याने २०२४च्या नियमांप्रमाणे परिवेश २.० या संकेतस्थळावर नोंदणी करायची असते. आधीच्या मालकाची नोंद आणि जनावर कुठून आलं याचे कागद मागा. ते नसतील तर घेऊ नका. कागद असले तरी दुकानातली पेटी बघा. काचेची टाकी, एक दिवा, खाली भुसा असेल तर ह्यूस्टनच्या पत्रातल्या दुखण्याची ती सुरुवात असू शकते. घरी आठ फुटी पेटी उभी करून, माती भरून, दिवे आठवडाभर चालवून तापमान जुळल्याशिवाय पैसे देऊ नका.