टीजी म्हणजे वितळणं नव्हे

आधी एक गोंधळ डोक्यातून काढा: टीजी, म्हणजे ग्लास ट्रान्झिशन टेम्परेचर, हा वितळणबिंदू नाही. वितळतात ते स्फटिक. टीजी असतो पॉलिमरच्या (लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थाच्या) अस्फटिकी, म्हणजे साखळ्या अस्ताव्यस्त पडलेल्या भागाचा. त्याच्या खाली लांबलचक साखळ्या जागच्या जागी थिजलेल्या असतात, पदार्थ काचेसारखा कडक. वर गेलात की साखळ्यांचे तुकडे वळवळू लागतात आणि पदार्थ मऊ पडतो. पॉलिस्टायरीनचा टीजी साधारण १०० अंश सेल्सिअस, नैसर्गिक रबराचा उणे ७० च्या आसपास. म्हणून खोलीच्या तापमानाला पहिलं कडकन मोडतं, दुसरं ताणलं जातं. पीव्हीसी मुळात कडकच, पण प्लास्टिसायझर (मऊपणा आणणारं द्रव्य) मिसळला की टीजी खाली येतो नि त्याच पीव्हीसीची लवचीक नळी होते.

टीजी मोजतात डीएससीने, म्हणजे नमुना तापवताना त्यात किती उष्णता जाते ते मोजणाऱ्या उपकरणाने. त्याच्या आलेखात टीजीसाठी शिखर शोधत बसू नका. (मी बराच काळ तेच करत होतो!) तिथे बेसलाइनला, म्हणजे आलेखाच्या मूळ रेषेला, फक्त एक पायरी दिसते. आकड्यासोबत तापवण्याचा वेगही लिहा. वेग वाढवला की टीजी थोडा वर सरकतो. त्यामुळे दोन पुस्तकांत दोन आकडे सापडले, तर लगेच एकाला चूक ठरवू नका.