बी.एस्सी. गणितात झालीय. कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्सला प्रवेश मिळेल का? डिग्रीसाठी काय पूर्ण करावं लागतं?

हो, मिळू शकतो. पदवीच्या नावापेक्षा ट्रान्सक्रिप्टमधले (सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिकेतले) विषय जास्त बघितले जातात: डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, कॉम्प्युटर आर्किटेक्चर, डिस्क्रीट मॅथ्स. गणितवाल्यांचं शेवटचं बहुधा झालेलं असतं, गाडी अडते ती ऑपरेटिंग सिस्टिमपाशी. काही विद्यापीठं हे विषय आधी पूर्ण करण्याच्या अटीवर प्रवेश देतात आणि त्यांचे क्रेडिट बऱ्याचदा डिग्रीत धरत नाहीत. म्हणजे एखादं सत्र आणि त्याची फी वाढते. अर्जाआधी विभागाला ईमेल करून हे विचाराच.

स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये (अर्जासोबत द्यायच्या, हा कोर्स का करायचाय ते सांगणाऱ्या निबंधात) कॉम्प्युटरची आवड वर्णन करत बसू नका. एखादा प्रोग्रॅम का हळू चालत होता आणि तुम्ही तो कसा सुधारला, हे लिहा. शिफारसपत्रही तुमचं काम जवळून पाहिलेल्या शिक्षकाचंच घ्या, हुद्दा दुय्यम.

डिग्रीचं म्हणाल तर अमेरिकेतल्या विद्यापीठांपैकी जॉर्जिया टेकला 30 क्रेडिट लागतात, स्टॅनफर्डला 45 युनिट. पण स्टॅनफर्डला क्वार्टर पद्धत आहे, म्हणजे सत्रं सेमिस्टरपेक्षा छोटी असतात, त्यामुळे आकड्यांची थेट तुलना नको. पुढे पीएच.डी. करायची असेल तर थिसिसचा (संशोधन करून प्रबंध लिहायचा) पर्याय घ्या. नोकरीच करायची असेल तर कोर्सवर्क, म्हणजे फक्त विषय पूर्ण करणं, पुरेसं आहे.